पॉप३ ने मेल उतरवताना स्पॅम फोल्डरमधले संदेश का येत नाहीत?

प्रश्न
माझे ईमेल खाते थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये पॉप३ पद्धतीने (सर्व्हरवरचे मेल संगणकावर उतरवून घेणारी) जोडलेले आहे, कारण सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या डिस्कवर असावा असा माझा आग्रह आहे. ज्या पत्राची मी वाट पाहत होतो ते ब्राउझरमधून खाते उघडल्यावर स्पॅम फोल्डरमध्ये सापडले. थंडरबर्डमध्ये मात्र ते उतरलेच नव्हते आणि तिथला 'जंक' फोल्डरही रिकामाच होता. पॉप३ च्या एखाद्या सेटिंगने हा फोल्डर मिळवता येतो का, की आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून तिथले सगळे फोल्डर दाखवणारी पद्धत) जाणे भागच आहे?

प्रतिसाद १
पॉप३ मध्ये अशी सेटिंग नाही आणि असणारही नाही. १९९६ साली निश्चित झालेल्या या प्रोटोकॉलच्या प्रमाण आवृत्तीत फोल्डर ही कल्पनाच नाही. त्याला एकच पेटी ठाऊक असते आणि व्यवहारात ती पेटी म्हणजे इनबॉक्स. पॉप३ सर्व्हरला 'लिस्ट' ही आज्ञा दिली की तो संदेशांचे क्रमांक आणि प्रत्येकाचा आकार सांगतो, तर आयमॅपमध्ये याच नावाच्या आज्ञेला फोल्डरांची नावे मिळतात. सर्व्हरवरच्या चाळणीने पत्र इनबॉक्समध्ये टाकलेच नाही, तर पॉप३ च्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. तुम्हाला रिकामा दिसला तो 'जंक' फोल्डर थंडरबर्डच्या स्वतःच्या चाळणीचा आहे. तुमच्या संगणकावर उतरलेल्या मेलपैकी जी त्याला संशयास्पद वाटेल तीच तिथे जाते आणि सर्व्हरवरच्या स्पॅमशी त्याचा काहीही संबंध नसतो. दोन्हींची नावे सारखी ठेवून लोकांचा गोंधळ का वाढवला जातो, हे मला अजून कळलेले नाही.

काही सर्व्हर मात्र संशयित पत्र बाजूला न काढता त्याच्या शीर्षभागात 'एक्स-स्पॅम-फ्लॅग' अशी खूण करून ते इनबॉक्समध्येच ठेवतात. तशी सोय असेल तर ती निवडावी. मग पॉप३ नेही सर्व काही उतरते आणि छाननी तुमच्या संगणकावर करता येते.

प्रतिसाद २
पॉप३ सोडण्याची गरज नाही. तेच खाते आयमॅपनेही वेगळे जोडावे आणि ते केवळ स्पॅम पाहण्यापुरते वापरावे. सुरक्षित जोडणीसाठी पॉप३ चा पोर्ट ९९५ आणि आयमॅपचा ९९३ असतो. फोल्डर यादीत दिसला नाही तर थंडरबर्डमधील 'सबस्क्राइब' खिडकीत त्याच्यावर खूण करावी. जीमेल असल्यास वेबवरील सेटिंगमध्ये लेबलांच्या यादीत स्पॅमसमोर 'शो इन आयमॅप' हा चौकोन असतो, तोही तपासावा.

प्रश्नकर्ता
आयमॅपमधून ते पत्र इनबॉक्समध्ये हलवले, तर पॉप३ ने ते उतरेल का?

प्रतिसाद १
साधारणपणे उतरते. पॉप३ प्रत्येक जोडणीच्या वेळी पेटीत काय आहे ते नव्याने पाहतो आणि पूर्वी न उतरवलेल्या पत्राची ओळखखूण (सर्व्हर प्रत्येक पत्राला देतो ती) दिसली की ते पत्र घेतो, मग त्यावरची तारीख जुनी का असेना. हलवण्याचा आणखी एक लाभ असा, की पुष्कळ सेवा त्यावरून आपली चाळणी सुधारतात. त्याच पत्त्यावरून पुन्हा पत्रे येणार असतील, तर ती कधीही स्पॅममध्ये टाकू नयेत असा नियम वेबवर करून ठेवणे अधिक खात्रीचे आहे. जीमेल स्पॅममधली पत्रे ३० दिवसांनंतर पुसून टाकते, त्यामुळे तपासणी त्याआधी व्हायला हवी.

प्रतिसाद ३
एक गोष्ट राहिली. सर्व्हरने पत्र दारातच, म्हणजे एसएमटीपीच्या (मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) टप्प्यावर ५५० सारखा संकेत देऊन नाकारले असेल, तर ते कोणत्याच फोल्डरमध्ये नसते आणि आयमॅपनेही सापडत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याकडे पत्र परत आल्याची सूचना पोहोचली का, हे त्यालाच विचारावे लागते.