मदत हवी आहे: 1972 ची फियाट, जुना कार्बोरेटर कसा पारखावा? इंजिन बदलावं की आहे तेच उभं करावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातून लिहिते आहे. आमच्याकडे बाबांनी कोरी घेतलेली 1972 ची फियाट 1100 आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. बाबा आता 79 वर्षांचे आहेत. गाडी मी चालवते आणि ते शेजारी बसतात. रविवारी सकाळी पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायचं हा आमचा नेम. तीन महिने तो मोडला आहे आणि बाबा रोज विचारतात, "काय म्हणाले गॅरेजवाले?"

दिवाळीनंतर गाडी स्लोवर उभी राहीना. सिग्नलला पाय काढला की बंद. पेट्रोलचा वास, प्लग काळेकुट्ट. मग चढाला निळा धूर सुरू झाला. गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निकाल दिला: "इंजिन गेलं, मुंबईहून दुसरं आणा."

मला ते पटलं नाही, म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घेतलं. चारही प्लग काढून, थ्रॉटल (कार्बोरेटरमधली हवेची झडप) पूर्ण उघडा धरून आकडे आले 120, 118, 70, 122 पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडल्यावर 70 चे 100 झाले. हेड उतरवलं, तर तिसऱ्याच्या भिंतीवर उभा ओरखडा, नख फिरवलं की अडकतं. वरची रिंग तुटलेली. पिस्टनवर 1 मिमी ओव्हरसाइजचा शिक्का आहे. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिमी, म्हणजे बाबांनी कधीतरी तो 69 ला नेलेला. आता आणखी बोअर मारण्यात अर्थ नाही, असं उद्यमनगरातले लेथवाले सांगतात. ते स्लीव्ह (सिलिंडरच्या आत ठोकायची नवी नळी) बसवू म्हणतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एकांनी पद्मिनी टॅक्सीच्या इंजिनाचे फोटो पाठवलेत. तेच 1089 सीसी, माउंटिंग तेच. "चालू हालतीत" म्हणतात, पण ते जमिनीवर ठेवलेलं आहे, चालवून दाखवणार नाहीत.

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) सोलेक्स कंपनीचा आहे. त्यातला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ तरंगता डबा) कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळतं. गरम पाण्यात बुडवला, तर डाखाच्या रेषेतून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. थ्रॉटलचा स्पिंडलही (झडपेचा दांडा) वरखाली हलतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा दुसरा आणला आहे. त्याचा स्पिंडल घट्ट आहे, फ्लोट गरम पाण्यातही कोरडा राहिला. पण खालची बाजू काचेवर ठेवली की फक्त दोन्ही कान (बोल्टच्या भोकांची टोकं) काचेला टेकतात, मधे कागद सरकतो. मेन जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) आकडा दिसतो, पण भोकाच्या कडेला चरे आहेत.

जाणकारांना विचारायचं आहे ते एवढंच: पुण्याचा कार्बोरेटर वापरण्याजोगा आहे का, अजून काय तपासू? आणि इंजिन टॅक्सीचं घ्यावं की आमच्याच ब्लॉकला स्लीव्ह टाकावी? पैशाचा फरक फार नाही. बाबांना मात्र आरसी बुकातला इंजिन नंबर बदलायला नको आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, आकडे देऊन विचारलंत म्हणून नीट सांगता येईल. तीस वर्षं या गाड्यांची कामं केली आहेत. इंजिनाच्या आधी एक विचारतो. ऑईलची पट्टी काढून वास घेतलात का? पातळी वाढली होती का?

विचारायचं कारण सांगतो. तुमच्या गाडीला ब्लॉकच्या बाजूला बसणारा, कॅमवर चालणारा पेट्रोल पंप आहे. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट खालच्या ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑईल पाण्यासारखं पातळ होतं आणि भिंतीवरचा थर धुऊन जातो. तुमचा फ्लोटही बुडतोय, म्हणजे वरूनही पेट्रोल जास्त येत होतं. दोन्हीकडून ऑईल पातळ झालं असेल, तर आधीच कमजोर असलेली तिसऱ्याची रिंग पहिली जाणार. हे दुरुस्त न करता नवं इंजिन बसवलंत, तर त्याचीही हीच गत होईल. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधल्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा आणि सगळे होज इथेनॉल सोसणारेच घाला.

पुण्याचा कार्बोरेटर ठेवा. बॉडी आणि स्पिंडल चांगला असणं हीच खरी किंमत. बाकीचं सुटं मिळतं. कान वाकलेत ते कुणीतरी नट जास्त आवळल्यामुळे. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकारात घासा, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. चरे पडलेला जेट वापरू नका, कुणीतरी तार घातली आहे. त्या जेटच्या आकड्यावर भरवसा नाही. तुमचे जुने जेट काढून त्यात बसवा, आणि साफ करताना फक्त हवा मारा. निडल व्हॉल्व्हच्या (फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकावर नखाला लागणारी गोल खाच असेल तर तो बदला. शेवटी थ्रॉटल बंद करून खिडकीकडे धरून बघा. थ्रॉटलच्या गोल पत्र्याभोवती उजेडाची कड सगळीकडून सारखी हवी. एका बाजूला जाड दिसली, तर पत्रा तिरका बसलाय.

टॅक्सीचं इंजिन मी घेणार नाही. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर 2023 मध्ये थांबल्या, आणि त्या काळात बहुतेक सीएनजीवर चालायच्या. सीएनजी कोरडा गॅस, व्हॉल्व्हच्या सीटा आत बसत जातात. हेड उघडल्याशिवाय ते कळत नाही, आणि दुकानदार उघडू देत नाही. शिवाय इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा नंबर आलाच. तुमची गाडी 50 वर्षांची झाली आहे. 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंद करायची कधी मनात आलं, तर गाडी मूळ रूपात असावी लागते, इंजिनासकट. त्या नोंदीवर रोज गाडी वापरता येत नाही हेही ध्यानात ठेवा. पण ती वाट आज का बंद करायची?

स्लीव्ह टाका, आणि तीही आधी फक्त तिसऱ्याला. बाकी तिघांचं माप बोअर गेजने वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी घ्या. मर्यादेत असतील तर स्लीव्हलाही 69 चंच माप द्या, म्हणजे चारही पिस्टन एका वजनाचे राहतात. मर्यादेबाहेर असतील तर चारही स्लीव्ह टाकून पुन्हा 68 ला या. काही झालं तरी पिस्टन हातात आल्याशिवाय लेथवर ब्लॉक चढवू देऊ नका. मोजमाप पिस्टनवरून होतं, पाकिटावरच्या आकड्यावरून नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, सरळ पट्टी ठेवून तेही बघून घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काका, आत्ता गॅरेजमध्येच उभी आहे. ऑईल डब्यात काढून ठेवलं होतं, झाकण उघडताच पेट्रोलचा भपकारा आला. पातळीबद्दल बाबांना फोन केला. ते म्हणाले, "वरच्या खुणेच्या वर होतं, मला वाटलं तूच जास्त ओतलंस." पंप उघडला. पडद्याला कडेने अर्धा इंच चीर आहे.

सीएसटी रोडवाल्यांना नको म्हणून कळवलं. ब्लॉक सोमवारी उद्यमनगरात मापाला जाईल. 69 ची एक रिंग-पिस्टन जोडी कुणाकडे असेल तर इथे सांगा. तोवर मी काच आणि पॉलिश पेपर घेऊन बसते.