‘बल्लाळ’ हे आडनाव की वडिलांचे नाव?

आत्याच्या घरी जुन्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद निघाले. त्यातल्या एकावर आमच्या पूर्वजाचे नाव होते आणि पुढे ‘बल्लाळ’. घरात सगळ्यांचे एकमत झाले की आपले मूळ आडनाव बल्लाळ असणार, आजचे आडनाव गावावरून नंतर चिकटले असणार. त्या समजुतीवर मी तीन वर्षे बल्लाळ आडनावाची घराणी शोधत होतो. कुठे गोत्र जुळेना, कुठे कुलदैवत जुळेना. चूक शब्दाच्या अर्थात होती. म्हणून हा शब्द इथे चर्चेला घेतो आहे. घराण्याचा माग काढणाऱ्या पुष्कळांची गाडी नेमकी याच ठिकाणी अडत असावी.

जुन्या कागदांत, निदान या प्रकारच्या नावांत, ‘बल्लाळ’ म्हणजे ‘बाळाजीचा मुलगा’. नावापुढे वडिलांचे नाव लावायची रीत होती आणि वडील बाळाजी असले की त्या जागी बल्लाळ लिहीत. पेशव्यांच्याच घरात बघा. बाळाजी विश्वनाथ यांचे मुलगे बाजीराव बल्लाळ आणि चिमाजी बल्लाळ. बाजीरावांचा मुलगा बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब. नानासाहेबांचा मुलगा माधवराव बल्लाळ. एका पिढीत बल्लाळ, पुढच्या पिढीत गायब, त्याच्या पुढच्या पिढीत पुन्हा हजर. आडनाव असे पिढी सोडून येत नाही. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची पद्धत होती, त्यामुळे बाळाजी परत येतो आणि त्याच्या मुलांबरोबर बल्लाळही. या घराण्याचे आडनाव भट, मूळ गाव श्रीवर्धन. पण नानासाहेबांच्या शिक्क्यात ‘बाळाजी बाजीराव प्रधान’ आहे, भट नाही. सनदा आणि पत्रे वाचून या घराचे आडनाव शोधायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

आता दुसरी तीन नावे घ्या. बाजीराव बल्लाळ, हरी बल्लाळ, गोविंद बल्लाळ. एका ओळीत लिहिली की एकाच घरातली माणसे वाटतात. पण पहिले भट, दुसरे हरिपंत फडके, तिसरे गोविंदपंत बुंदेले. तिघांच्या वडिलांचे नाव बाळाजी, यापलीकडे यातून काही सिद्ध होत नाही. गोविंदपंतांचे तर ‘बुंदेले’ हेही मूळ आडनाव नव्हे. ते खेर. बुंदेलखंडाचा कारभार पाहिला, म्हणून बुंदेले म्हणून ओळखले गेले.

मी हे मांडल्यावर एकाने शंका काढली: वडील बाळाजी, तर सरळ ‘बाजीराव बाळाजी’ का लिहीत नसत? प्रश्न रास्त आहे. मला असे दिसते की स्वतःच्या जागी रोजच्या हाकेतले रूप चाले आणि वडिलांच्या जागी जरा भारदस्त रूप येई. नाशिककडच्या मंडळींना ‘नारोशंकराची घंटा’ ठाऊकच असेल. तो नारो म्हणजे नारायण, शंकर हे त्याच्या वडिलांचे नाव आणि आडनाव दाणी. पण नारायण वडिलांच्या जागी आला की त्याचा ‘नारो’ होत नाही, नारायणरावांचे मुलगे सवाई माधवराव ‘माधवराव नारायण’च राहतात. नारो आणि नारायण यांची जशी जोडी, तशीच बाळाजी आणि बल्लाळ यांची. हा माझा तर्क आहे, कोणाकडे याहून चांगला खुलासा असेल तर जरूर द्यावा. बल्लाळ हे स्वतंत्र नाव म्हणूनही जुनेच आहे. होयसळांचा वीर बल्लाळ आहे, पालीचा बल्लाळेश्वर आहे. आणि आज बल्लाळ हे खरोखरीचे आडनावही आहे. त्या मंडळींना वरचे विवेचन लागू करू नये.

माधवराव बल्लाळ आणि माधवराव नारायण या दोन नावांवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आडनावाने हे दोघे वेगळे झालेच नसते, दोघेही भटच. काका-पुतण्यांतला फरक सांगते ते वडिलांचे नाव. त्या काळी माणूस ओळखायला तेच उपयोगी होते, म्हणून तेच लिहिले. नाना फडणीस ‘बाळाजी जनार्दन’, परशुरामभाऊ पटवर्धन ‘परशुराम रामचंद्र’, विसाजीपंत बिनीवाले ‘विसाजी कृष्ण’. यात फडणीस हा हुद्दा, घराणे वेळासचे भानू. बिनी म्हणजे फौजेची आघाडी, तिच्यावरून बिनीवाले, मूळचे चिंचाळकर. म्हणजे कागदात आडनावासारखे दिसणारे काही सापडलेच तर ते वडिलांचे नाव आहे, हुद्दा आहे की गाव, हे आधी ठरवावे लागते.

जुन्या कागदांत दोन नावांच्या मध्ये येणाऱ्या ‘बिन’ आणि ‘कोम’ या शब्दांबद्दलही विचारणा झाली. दोन्ही शब्द अरबीतून आलेले. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा. पाटील-कुणब्यांच्या कागदांत हे सर्रास भेटते. ‘कोम’ म्हणजे अमुकची बायको. घाईत वाचताना ‘कोम’ला जातीचा उल्लेख समजणारे मी पाहिले आहेत, कारण ‘कौम’ या शब्दाचा तो अर्थ आपल्या कानावर असतो. तसे समजलात की बाईच्या नवऱ्याचे नाव जात म्हणून टिपले जाते आणि वंशावळच फिरते.

मोडीत हा घोळ वाढतो. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत न्यायची, शब्दांत अंतर नाही, जोडाक्षरे ढिली. बल्लाळचे ‘बलाल’ झालेले दिसते. आमच्या कागदावर ते तसेच होते, आणि मागच्या नावाला इतके चिकटून की वाचून देणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदा दोन्ही मिळून एकच नाव वाचले. दुसऱ्यांदा भिंग लावून, बोटाने रेघ धरत, त्यांनी ‘ब’ वेगळा काढला.

मग माग कसा काढायचा? मला उपयोग झाला तो आडनाव बाजूला ठेवून गाव आणि वतन, म्हणजे घराण्याचा वंशपरंपरागत हक्क, धरण्याचा. पेशवे दप्तरातले रुमाल (पेशवाईच्या जुन्या सरकारी कागदांचे बांधलेले गठ्ठे) काय किंवा गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले निवडक कागदांचे ४५ खंड काय, सूचीत आडनाव शोधून थांबू नये, वडिलांच्या नावासह जोडनाव शोधावे. वतनाच्या तंट्यांतले महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, मात्र सोडू नयेत. तिथे गोतसभेत, म्हणजे निवाडा करणाऱ्या गावकऱ्यांच्या सभेत, कोण बसले होते ते नोंदलेले असते, आणि भांडण हक्काचे असल्यामुळे घराण्याची ओळख स्पष्ट करावीच लागते. तसेच त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यजमानाने आपले गाव सांगायचे, गुरुजी त्या गावची वही काढतात आणि आधी येऊन गेलेल्यांचे लेख दाखवतात. आमचा उलगडा तिथे झाला. त्या पूर्वजाच्या मुलाने लिहिलेल्या नोंदीत वडिलांचे नाव, आजोबांचे नाव ‘बाळाजी’, आणि शेवटी आजचेच आडनाव होते. जे आडनाव नंतर चिकटले असे आम्ही धरून चाललो होतो, ते तेव्हाही होतेच. सरकारी कागदावर त्याची गरज पडली नव्हती, एवढेच.

पुढे इंग्रजी अमदानीत आडनाव तिसऱ्या जागी पक्के होत गेले. नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या नावात जुनी रीत आणि नवी रीत शेजारी शेजारी बसलेली आहे.

कोणाच्या घरच्या कागदांत नारो–नारायण, बाळाजी–बल्लाळ अशी आणखी एखादी जोडी सापडली असेल तर इथे जरूर लिहा. कागदाचे साल आणि गाव दिलेत तर फार बरे होईल.