अनुभव धागा: प्रेमात पडल्यावर पैशाची किंमत कशी कळली? (खास कोल्हापूरकरांसाठी)

मंडळी, "पैसे काय झाडाला लागतात?" हे ऐकत आपण सगळेच मोठे झालो. घरच्यांचं ते बोलणं या कानातून त्या कानात जातं. पण आवडत्या माणसाने एकदाच "हे कुठून आणलेस?" असं विचारलं, की ते आत जाऊन बसतं. कॉलेजच्या वयात कमाई नसते, असली तर तुटपुंजी, आणि नेमकं तेव्हाच समोरच्याला खूश करायचं असतं. पन्हाळ्याला जायचं पेट्रोल, रंकाळ्यावरची भेळ, वाढदिवसाची भेट.

कुणी किती उडवले याची यादी इथे नको. त्या माणसामुळे पैशाकडे बघणं कसं बदललं, ते लिहा.

सुरुवात मी करते. 2002 च्या सुमाराची गोष्ट. मी राजारामपुरीत घरी, तो होस्टेलवर. मेसच्या कोपऱ्यावर लाल कॉइन बॉक्स होता. कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी असायची ना, काळी, राखाडी झाकणाची, तिच्यात तो रुपयाची नाणी साठवायचा. ती फक्त फोनची. चहाला पैसे कमी पडले तरी त्या डबीला हात नाही. डबी संपली की पुढची मनिऑर्डर येईपर्यंत फोन बंद. "आमच्या लँडलाइनवरून मी करते," म्हटलं तर म्हणाला, "ते बिल तुझे बाबा भरतात." आमच्या घरी फोनचं बिल कोण भरतं, हा विचार तोवर माझ्या मनाला शिवला नव्हता.

दूधवाली लेक

ताई, छान धागा. आमचं गाव करवीर तालुक्यात, घरी दोन म्हशी. मी कॉलेजला वडापने (सीटवर पैसे घेणाऱ्या जीपने) ये-जा करायचे. तो शहरातला, वडिलांची चांगली नोकरी. माझ्या वाढदिवसाला त्याने साडेतीन हजारांचं घड्याळ आणलं. मी घेतलं नाही, त्याला फार लागलं. दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात आईची डेअरीची चिठ्ठी ठेवली. तुम्ही पाहिली असेल, बोटभर कागद असतो: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. त्याला त्यातलं काही कळेना. मग मी समजावलं. दर फॅटवर ठरतो. म्हशीच्या दुधाला सहा फॅट, नऊ एसएनएफ धरून भाव काढतात; त्याच्या खाली लागलं की पैसे कमी. उन्हाळ्यात ओली वैरण नसली की दूध आटतं. बिल दर दहा दिवसांनी होतं, आणि त्यातून पशुखाद्याचे आणि घेतलेल्या उचलीचे पैसे दूध संस्था आधीच कापून घेते. सगळं वजा जाऊन आईच्या हातात तेव्हा साधारण एका घड्याळाएवढेच पैसे यायचे. त्यासाठी पहाटे पाचला उठून शेण काढणं, धार काढणं, किटली घेऊन संस्थेत रांगेला उभं राहणं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

"माझ्या हातावर दहा दिवसांचं बिल बांधून मी आईसमोर कशी जाऊ?" एवढंच विचारलं.

तो काही बोलला नाही. पण त्या दिवाळीत गावात दूध फरकाचं बिल (वर्षभराच्या दुधावर संस्था नंतर देते ती जादा रक्कम) वाटलं, तेव्हा त्याने आपण होऊन विचारलं, "आईंना फरक किती आला?" तेव्हा मला वाटलं, याच्याबरोबर संसार होईल. झालाही. आता आमच्या घरात मोठी खरेदी करायची झाली की तोच म्हणतो, "किती बिलं जातील?"

सायबर चौकाजवळ

आमचं पहिल्या दिवसापासून टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. ती विद्यापीठात कमवा आणि शिका योजनेत होती. सकाळी काम, मग लेक्चर. पहिल्यांदा मी तिला तांबडा-पांढरा खायला घेऊन गेलो आणि बिलाला हात घातला, तर म्हणाली, "माझ्या वाटणीचे मी देणार. पण मग पुढच्या वेळी कुठं जायचं ते मी सांगणार." पुढच्या वेळी मिसळ. जादा कट मागून दोघांचं पोट भरलं.

मला यातली दुसरी अट महत्त्वाची वाटते. तोवर जो पैसे काढतो तोच जागा ठरवतो, हे मी गृहीत धरलं होतं. पोरींना त्यामुळे किती वेळा गप्प बसावं लागत असेल, हे तिने न भांडता दाखवलं.

हुपरीची

आमच्यात चांदीचं काम. आई, काकू घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडतात, मजुरी वजनावर. त्याला मला पैंजण घ्यायचंच होतं. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात गेलो. मी विचारलं, टंच (चांदीची शुद्धता) किती, मजुरी किती? तो बघतच राहिला. 100 ग्रॅमचं पैंजण 70 टंचाचं असलं तर त्यात शुद्ध चांदी 70 ग्रॅमच. उद्या मोडायला नेलं की त्या 70 चा भाव मिळतो, दिलेली मजुरी येत नाही. म्हणून मजुरी वेगळी लिहून घ्यायची आणि टंच बिलावर मागायचा.

पैंजण घेतलंच, पण विचारून घेतलं. नंतर तो घरी आला, तेव्हा आई चिमट्याने कडी धरून पुढची ओवत होती. बराच वेळ बघत बसला. मजुरीत कधी घासाघीस करत नाही तेव्हापासून.

पिग्मीवाला

आमच्या दोघांच्या घरून लग्नाला विरोध होता, त्यामुळे पैसे आम्हीच जमवायचे होते. मी उद्यमनगरात कामाला, ती एका दुकानात. दोघांनी रोज तीस-तीस रुपयांची पिग्मी (एजंटाकडे रोज थोडे पैसे भरायची बचत) लावली. एजंट संध्याकाळी दुकानात यायचा, मशीनमधून पावती काढून द्यायचा. रोजचे साठ म्हणजे वर्षाला 21,900. नोंदणी लग्न, मंगळसूत्र आणि भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट त्यातून निघालं. एखाद्या दिवशी माझ्याकडे नसले तर ती माझे भरायची आणि वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी मी फेडायचो. माफ कधी केले नाहीत एकमेकांना, आणि मला ते फार आवडायचं.

तरुण पोरांना एक कळकळीनं सांगतो. तिची आधीची पिग्मी एका पतसंस्थेत होती, तिथले पैसे अडकले ते अडकलेच. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाहीत. एजंट ओळखीचा आहे म्हणून पैसे लावू नका. पावतीवर बँक लिहिलंय की पतसंस्था, ते वाचा.

धागाकर्ती

पिग्मीवाले दादा, ती वही अजून आहे का? असेल तर एखाद्या पानावरच्या नोंदी इथे लिहा ना. आणि हुपरीच्या ताई, जुन्या पैंजणाचा टंच दुकानात तपासून घ्यायचा असेल तर काय सांगायचं, काय बघायचं, तेही सविस्तर येऊ दे. माझ्या भाचीचं लग्न ठरलंय, आम्हाला पुढच्या आठवड्यातच गुजरीत जायचंय.