पाळणाघराच्या ॲपची स्क्रीन कोणासाठी आखावी?

मांजलपूरकर:
वडोदऱ्यातील एका पाळणाघरासाठी मी ॲपची मांडणी करीत आहे. सध्या सगळा व्यवहार व्हॉट्सॲपच्या एकाच ग्रुपवर चालतो आणि एका बाळाच्या औषधाची सूचना दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या फोटोंखाली गाडली जाते. मुलांना सांभाळणाऱ्या बेन गुजराती वाचतात; पालकांत मराठी, गुजराती, हिंदी असे सगळेच आहेत. जेवण, झोप, शी-शू यांची नोंद पालकांना तासातासाला हवी आहे, तर कडेवर मूल असताना फोन धरायचा कसा, असे बेन विचारतात. सुरुवात कोणाच्या स्क्रीनपासून करावी?

विश्वामित्री:
बेनच्या. त्यांच्याकडून नोंद झालीच नाही तर पालकांना दाखवायला काही उरत नाही. मुलांचे फोटो समोर मांडावेत, जेवलेल्या सगळ्यांवर बोट ठेवावे आणि ‘जेवण’ हे चित्र एकदाच दाबावे, एवढेच काम त्यांच्याकडे असावे. अँड्रॉइडची शिफारस बटण निदान 48 डीपीचे (डीपी हे स्क्रीनवरील आकार मोजण्याचे एकक) असावे अशी आहे. ओल्या अंगठ्यासाठी मी त्याहून मोठेच ठेवीन. चित्राने केलेली नोंद कोणाला कोणत्या भाषेत दाखवायची हे ॲपने पाहावे. औषध मात्र एका स्पर्शात नोंदवू देऊ नये: मुलाचा फोटो, पूर्ण नाव, औषध, मात्रा, वेळ आणि पालकांची परवानगी हे सारे समोर आल्यावरच ‘दिले’ हे बटण दिसावे.

दांडियाबाजार:
मी पालक म्हणून लिहिते. तासातासाच्या नोंदीचा आग्रह मी धरणार नाही, पण रिकामा रकाना दिसला की नातू उपाशी आहे असेच आमच्या सासूबाई धरून चालतात. म्हणून ‘जेवला नाही’ आणि ‘अजून नोंदवले नाही’ या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या दिसाव्यात, आणि दुसरीखाली नोंद साधारण केव्हा होईल तेही लिहावे. न्यायला आजोबा येणार असतील तर त्यांचा फोटो बेनच्या स्क्रीनवर आधीच असावा.

विश्वामित्री:
फोटोंचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती मूल ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. ही संमती नावनोंदणीच्या वेळच्या लांबलचक मजकुरात दडवू नये. फोटोसाठी वेगळी विचारावी आणि कधीही मागे घेता यावी. ज्यांच्या पालकांचा नकार आहे, त्या मुलांची नावे सामूहिक फोटो पाठवण्यापूर्वी बेनसमोर यावीत.