आईचं मनगट मोडलं, क्लेम नाकारला: नॉर्थ कॅरोलायनात वकील कसा शोधायचा?

मोगरा
आई गेल्या महिन्यात साताऱ्याहून आली, सहा महिन्यांसाठी. तीन आठवड्यांपूर्वी मॉरिसव्हिलच्या एका देशी दुकानातून भाजी घेऊन आम्ही बाहेर पडलो. मी ट्रॉली ठेवायला गेले, आई गाडीकडे निघाली, आणि रिव्हर्स घेणारी एक एसयूव्ही तिला लागली. उजवं मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली. व्हिजिटर इन्शुरन्स आहे, पण त्याला मर्यादा. हॉस्पिटल, सर्जन, भूलतज्ज्ञ, सगळ्यांची वेगवेगळी बिलं येतायत. आत्तापर्यंत ३१ हजार डॉलर.

चौथ्या दिवशी समोरच्याच्या इन्शुरन्सच्या ॲडजस्टरचा, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या बाईचा, फोन आला. फार गोड बोलणारी. "रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" आईला इंग्रजीचा धीर होत नाही, म्हणून स्पीकरवर मी भाषांतर करत होते. आई म्हणाली, "अगं, माझं मेलीचं लक्षच नव्हतं. कोथिंबीर पिशवीतून पडत होती ती सावरत होते. त्या पोराला उगाच ताप." मी प्रामाणिकपणे सांगितलं, "शी वॉज नॉट पेइंग अटेन्शन." काल पत्र आलं: कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स, म्हणजे अपघातात आईचीही चूक होती, म्हणून क्लेम नामंजूर. एक डॉलरही नाही.

माझा मामेभाऊ साताऱ्यात अपघाताच्या केसेस चालवतो. तो म्हणतो, "वीस टक्के तिची चूक धरा आणि ऐंशी टक्के द्या, असं सांग त्यांना." इथे तसं चालत नाही म्हणे? रॅले-कॅरी भागात वकील कसा शोधायचा? की सोडून द्यावं?

सुगरण_शार्लट
आधी आई कशा आहेत ते सांग. उजवा हात म्हणजे जेवणसुद्धा अवघड. वकिलांचं मला माहीत नाही, पण फिजिओ लांबवू नका. सासूबाईंची बोटं तशीच आखडली होती.

फाइलवाली
मी रॅलेत एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे. वकील नाही, त्यामुळे हे माहिती म्हणून वाचा.

मामेभावाचं गणित भारतात बरोबर आहे, इथे नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत चुकीच्या टक्केवारीप्रमाणे रक्कम कापतात. नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, मेरीलँड आणि अलाबामा ही चारच राज्यं अजून जुन्या नियमाला चिकटून आहेत, शिवाय वॉशिंग्टन डीसी. नियम असा की जखमी माणसाची एक टक्का चूक जरी अपघाताला कारण ठरली, तर भरपाई शून्य. १८०९ च्या एका इंग्लिश खटल्यातून हे आलं. घोडा दामटत निघालेला माणूस रस्त्यात आडव्या टाकलेल्या खांबावर आदळला आणि हरला. इंग्लंडने स्वतः १९४५ साली हा नियम मोडीत काढला, आम्ही अजून वापरतोय.

पण पत्र आलं म्हणजे निकाल लागला असं नाही. ते फक्त कंपनीचं मत.

तुमच्या आईची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी इथल्या कायद्याने समोरच्यावर आहे. नुसतं "लक्ष नव्हतं" पुरत नाही, त्या दुर्लक्षामुळेच अपघात झाला हे दाखवावं लागतं. गाडी मागे घेताना मागे कोणी नाही हे बघायची जबाबदारी चालकाची. आणि अमेरिकेत मे २०१८ नंतर बनलेल्या नव्या गाडीला मागचा कॅमेरा असतोच. एसयूव्ही कोणत्या सालची होती?

दुसरी पळवाट म्हणजे 'लास्ट क्लिअर चान्स'. आईची चूक धरली तरी, त्या अडचणीत सापडलेल्या आहेत हे चालकाला दिसलं किंवा दिसायला हवं होतं, आणि थांबायला वेळ होता, तर दावा टिकू शकतो. हेसुद्धा १८४२ मधलं. पुढचे पाय बांधून रस्त्यात सोडलेलं एक गाढव भरधाव घोडागाडीखाली सापडलं, आणि निष्काळजी मालकाला तरीही भरपाई मिळाली. आमच्या ऑफिसात त्या गाढवाचे आम्ही फार उपकार मानतो.

आता लगेच करायचं ते सांगते. दुकानाला आजच लेखी पत्र द्या की त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. कॅमेऱ्यांवर पुढचं चित्रण चढत जातं, कोणी तुमच्यासाठी थांबत नाही. पोलीस आले असतील तर त्यांचा अपघाताचा अहवाल, म्हणजे डीएमव्ही-३४९ रिपोर्ट, मिळवा. आईंच्या चपला आणि कपडे धुऊ नका, टाकू नका. आणि ॲडजस्टरशी इथून पुढे एक शब्द नाही.

रेकॉर्डिंगबद्दल मात्र हताश होऊ नका. त्यात आईंचं मराठीही आहे. "मेलीचं लक्षच नव्हतं" हे आपल्याकडच्या बायका दूध उतू गेलं तरी म्हणतात. चांगला दुभाषी ते वेगळं मांडेल. तुमचं भाषांतर शब्दाला शब्द होतं, पण ते कबुलीजबाबासारखं वाजलं.

बाल्टिमोरचा_बाळ्या
मेरीलँडातही तीच गत. २०१३ ची कोलमन केस वाचा. फुटबॉलचा गोलपोस्ट जमिनीत रोवलेला नव्हता, प्रशिक्षक आडव्या दांडीला लटकला, ती तोंडावर कोसळली, चेहऱ्याची हाडं मोडली. ज्युरी म्हणाली, क्लबची चूक आहे, आणि याचीही आहे. झालं, शून्य. नियम बदला म्हणून अपील केलं, तर पाच विरुद्ध दोन मतांनी कोर्ट म्हणालं, ते विधिमंडळाचं काम. डीसीने २०१६ साली निदान पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी नियम सैल केला. त्यांची चूक निम्म्याहून जास्त असेल तरच दावा बुडतो.

दणकट_दादा
वकिलाला फी म्हणून भरपाईतला एक तृतीयांश कशाला? स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, स्वतः उभं राहा. दहा हजार डॉलरपर्यंत चालतं. मी घरमालकाकडून डिपॉझिट असंच काढलं.

फाइलवाली
दादा, डिपॉझिट वेगळं आणि मनगट वेगळं. बिल ३१ हजार असताना दहा हजारावर स्वतःला का बांधून घ्यायचं? आणि एक टक्क्याचा नियम तिथेही लागूच आहे, मॅजिस्ट्रेटसमोर काही तो बदलत नाही.

वकील शोधायचं खरं सांगते. या नियमामुळे इथले वकील फार निवडून केस घेतात, कारण हरले तर त्यांनाही काही मिळत नाही. दोघातिघांनी नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. नॉर्थ कॅरोलायना बार असोसिएशनची वकील सुचवणारी सेवा आहे, तिथून सुरुवात करा. हायवेवरच्या मोठ्या बोर्डांवर भुलू नका. पहिल्या भेटीत विचारा, "पादचाऱ्यांच्या किती केसेस ज्युरीपुढे नेल्या?" उत्तर तडजोडींवर घसरलं तर ओळखा. फी बहुधा एक तृतीयांश असते, पण रेकॉर्ड मागवण्याचा वगैरे खर्च त्याआधी वजा होतो की नंतर, हे कागदावर बघा.

लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट: पैसे आले, तर वकिलाची फी वजा जाता उरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त इथे डॉक्टर-हॉस्पिटलांना लीन म्हणून, म्हणजे बिलापोटी त्या पैशांवरचा हक्क म्हणून, घेता येत नाही. बिलाची बाकी मात्र माफ होत नाही, तिची घासाघीस वेगळी.

मुदत अपघातापासून तीन वर्षं. (व्हर्जिनियात दोनच.) आई साताऱ्याला परत गेल्या तरी दावा चालतो, व्हिसाचा त्याच्याशी संबंध नाही.

पुणे३०
कोर्टात लिपिक होतो, निवृत्त. आपल्याकडेही "चूक असणं" आणि "चुकीमुळे अपघात होणं" यात फरक करतात. मोटरसायकलवर तिघे बसले एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलंय. कोथिंबीर सावरली म्हणून गाडी लागली का, एवढाच प्रश्न आहे.

मोगरा
अपडेट, सहा आठवड्यांनी.

फुटेज मिळालं. चार दिवस उशीर केला असता तर गेलं होतं, दुकानाच्या मॅनेजरनेच सांगितलं. त्यात स्पष्ट दिसतंय: आई गाड्यांच्या मागे थांबलेली आहे, पिशवीत हात घालून. चालती नाही, थांबलेली. पांढरे दिवे लागतात, गाडी सुरू होते, थांबते, पुन्हा सुरू होते. त्या थांबण्यावर आमच्या वकीलबाईंचा सगळा भर आहे. गाडी २०२१ ची.

वकील तिसऱ्या भेटलेल्या. पहिल्याने फोनवरच नाही म्हटलं, दुसऱ्याने रेकॉर्डिंगचं ऐकून. यांनी आधी फुटेज पाहिलं, मग आईला विचारलं, "तुम्ही किती वेळ उभ्या होतात?" हा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

कंपनीला नवं पत्र गेलंय, उत्तर नाही. बिलं हप्त्यांवर टाकली आहेत. हात वळतोय, पण पोळी लाटताना अजून कळ येते.

वकीलबाईंनी आईकडून तालीम करून घेतली: विचारलं तेवढंच बोलायचं, "माझंच चुकलं" म्हणायचं नाही. परत येताना लिफ्टमध्ये एका गोऱ्या आजोबांची काठी आईच्या पायाला लागली. आईने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मराठीत विचारलं, "याला सॉरी म्हटलं तर चालेल का गं?"