अनुभव धागा: कागद, कापड, लगदा, मेथ्या... कशाचं कशाशी जमतं?

जलरंगात बरीच वर्षं रमले. हल्ली मात्र हात कशातही घुसतो: गोधडीवर चित्र, चित्रावर टाके, लगद्याच्या थाळीत आरसे. व्हिडिओ ढिगाने आहेत, पण दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकमेकींशी नांदतात का, हे तिथे कुणी सांगत नाही. आपल्या हवेत, आपल्या बाजारातल्या सामानात काय टिकलं ते इथे लिहा. फोटो नसले तरी चालतील, कृती मात्र हवी.

सुरुवात माझ्यापासून. गोधडीवर रंगवायचं असेल तर आधी धावदोरा, मग रंग. उलट केलं तर वाळलेल्या ॲक्रिलिकमधून सुई ओढताना बोटं सोलवटतात आणि पडलेलं भोक बुजत नाही. टाके आधी घातले की कापडाला बारीक फुगवटे येतात. त्यावरून जवळजवळ कोरडा ब्रश आडवा फिरवला की रंग फक्त फुगवट्यांवर बसतो, टाक्यांच्या ओळी खाली तशाच राहतात. नांगरलेलं शेत काढायचं होतं, ते निम्मं सुईनेच काढून दिलं.

सांजवात
आमच्या घरी धान्य पाखडून ठेवायला रद्दीच्या टोपल्या असत. आईची कृती देते. वर्तमानपत्राचे कपटे दोन-तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. ओंजळभर मेथ्या रात्री भिजवून गंधासारख्या वाटायच्या. कागद पिळून, मेथी घालून खलबत्त्यात लोण्यासारखा मऊ होईपर्यंत कुटायचा. पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं आणि फडक्यावर लगदा, कडेपासून वर थापत न्यायचा. मेथीने चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे कीड लांब राहते. पहिला दिवस सावलीत, मग उन्हात. सुटला की आतूनही वाळवायचा. वर खडूची पूड आणि डिंक यांचे दोन हात, मग पॉलिश पेपर. त्यावर पोस्टर कलरसुद्धा सुरेख बसतात. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये, बाहेरून खडखडीत आणि आतून बुरशी.

कागदी होडी
सांजवातताई, मेथ्यांवरून अबरी आठवली, म्हणजे कागदावरची संगमरवरासारखी लहरदार नक्षी! भिजवलेल्या मेथ्यांचं बुळबुळीत पाणी गाळून ट्रेमध्ये घेतलं की रंग बुडत नाहीत, वर तरंगतात. कंगव्याने नक्षी ओढायची आणि कागद अलगद टेकवून उचलायचा. कागदाला आधी तुरटीच्या पाण्याचा हात देऊन वाळवून घ्या, नाहीतर धुताना सगळी नक्षी वाहून जाते. तुरटी पातळच असू द्या, जास्त झाली तर कागद पुढे ठिसूळ होतो. मी पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद वापरते. ही संस्था १९४० सालची.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं फॅड नाही. सतराव्या शतकात दख्खनमध्ये, विजापूरकडे, चित्रातली अख्खी आकृती अबरीने भरत. एका चित्रातला हाडकुळा घोडा तर बघाच. सगळी नक्षी त्याच्या अंगावर आहे आणि फासळ्या त्या नक्षीतूनच दिसतात. मिक्स मीडिया, म्हणजे एकाच कामात अनेक माध्यमं, म्हणून आपण मिरवतो ते हेच की!

वसईचा वारा
रेझिनवाल्यांसाठी, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या पारदर्शक रसायनात फुलं वगैरे बसवणाऱ्यांसाठी. जुलैत ओतू नका. दमट हवेत वर चिकट, पांढुरका थर येतो. फुलं सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या खड्यांत) पुरती वाळलेली हवीत, जरा ओल राहिली तर तपकिरी पडतात आणि बुडबुडे धरतात. हातमोजे, मास्क, उघडी खिडकी. याला हस्तकला म्हणावं का, हा वाद वेगळ्या धाग्यावर घाला.

खडू-फळा
ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो. तेलरंगावर ॲक्रिलिक नाही, पुढेमागे पोपडे निघतात.

तळकोकणी
सावंतवाडीच्या गंजिफांची (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची) जुनी पद्धत वाचून कापडाला चिंचोक्याची खळ लावून बघितली. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. दोन-तीन थर झाले की सुती कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि तरी कात्रीने कापता येतं. दागिने करायला झकास.

निळाई
एडिनबरोहून. आईच्या जुन्या सुती साडीवर सायनोटाइप, म्हणजे उन्हाने उमटणारी निळी छपाई, करते. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली ही पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण अंधूक उजेडात लावून वाळवायचं, वर पानं ठेवून उन्हात धरायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं. पानाखालची जागा पांढरी राहते, बाकी निळं. इथलं ऊन म्हणजे नावाला ऊन, त्यामुळे धीर धरावा लागतो. नंतर पांढऱ्या दोऱ्याने पानांच्या शिरा भरते. साडी साबणाच्या पावडरीत घालू नका, सोड्याने निळा उडतो. चहाच्या पाण्यात बुडवलं तर निळ्याचा काळपट जांभळा होतो, तोही छान दिसतो.

धागाकर्ती
निळाई, सांजवातताईंच्या कृतीने केलेल्या लगद्याच्या थाळीवर हे जमेल का गं?

निळाई
खडूचा हात दिलेला असेल तर नाही, खडूही सोड्यासारखाच निळा खातो. खडू न लावता नुसती घासून घे. बिनछपाईच्या कोऱ्या कागदाचा लगदा कर, वर्तमानपत्राच्या करड्या रंगावर निळा मळकट दिसेल. मेथीचा काय परिणाम होतो ते मी बघितलेलं नाही, आधी चतकोर तुकड्यावर कर आणि इथे कळव.

सांजवात
मेथी न घालता एक आणि घालून एक अशा दोन चकत्या थाप. लगदा माझ्याकडे तयार आहे, पुण्यात असशील तर घेऊन जा.