महायुद्धात बोटीसकट गेलेले पणजोबा, नाव कुठे मिळेल?

सागरवेळ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात. आजोबांचे वडील मुंबईहून ब्रिटिश कंपनीच्या मालबोटीवर खलाशी म्हणून जायचे, १९४२ साली बोट बुडाली एवढंच घरात माहितीय, कुठे बुडाली कोणी बुडवली काही पत्ता नाही. कंपनीचा कागद आला होता म्हणतात तो कधीच गहाळ झाला. पणजी शेवटपर्यंत कुंकू लावायची, तिचं म्हणणं कुठल्यातरी बंदरात उतरले असतील, येतील. तिथीच माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला पान ठेवतो. आजोबा आता नव्वदीला टेकलेत आणि त्यांना वडिलांचं नाव कुठेतरी लिहिलेलं बघायचंय. दिल्लीच्या नॅशनल वॉर मेमोरियलवर असेल का?

धक्क्यावरचा:
दिल्लीला नाही मिळणार, तिथे स्वातंत्र्यानंतरचे सैनिक आहेत. तुम्हाला लांब जायची गरजच नाही, मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे तिथे चौकशी करा. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाश्यांचं स्मारक तिथेच आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं रजिस्टरमध्ये आहेत, व्यापारी बोटींवरचेच जवळपास सहा हजार. त्याचं दुसरं रजिस्टर आताच्या बांगलादेशात चितगावला, कारण तिकडच्या सिल्हेट-नोआखालीकडचे लोक पण खूप होते. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचं मोठं स्मारक आहे, दुसऱ्या युद्धातली सुमारे २४ हजार नावं, पण आपल्या खलाश्यांची नावं तिथे न लावता इकडे ठेवली. एकाच बोटीवर एकाच रात्री मेलेली माणसं, आणि नावं दोन खंडांत. मला हे फार लागतं. आणि मस्जिद स्टेशनवरून रोज लाखो लोक जातात पण कोणाला माहीत नसतं की इथे असं काही आहे!

दाभोळखाडी:
आमच्या घरातले पण दोघे असेच गेले, वालेदच्या म्हणजे वडिलांच्या चुलत्यांपैकी. जाण्याआधी युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर शोधा, फुकट आहे. एक सांगतो, आडनाव टाकून बसू नका. नोंदणी करणाऱ्या क्लार्कने कानावर पडेल तसं इंग्रजीत लिहिलंय, बऱ्याच ठिकाणी आडनावच नाही, नाव आणि बापाचं नाव. स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाकून बघा, पद पण बघा, सारंग (खलाश्यांचा मुकादम), टिंडल (त्याच्या हाताखालचा), फायरमन (बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा) असं. बोटीचं नाव कळलं तर अर्धं काम झालं, जर्मन पाणबुडीने बुडवलेली असेल तर यूबोट डॉट नेटवर तारीख, जागा, कुठून कुठे चालली होती सगळं मिळतं. पण १९४२ ला आपल्या बाजूच्या समुद्रात जपानी पाणबुड्या पण होत्या, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली तिलावा बोट नोव्हेंबरमध्ये त्यांनीच बुडवली, २८० माणसं गेली. तेव्हा दोन्हीकडे बघा.

मांडवी_तीर:
गोव्याची मी. आमच्याकडचे तारवटी म्हणजे बोटीवर जाणारे, जास्त करून सलूनमध्ये म्हणजे बोटीवरच्या जेवणखाणाच्या कामावर, स्टुअर्ड नाहीतर कुक, मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडात म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत राहायचे आणि तिथूनच बोट पकडायचे. पासपोर्ट पोर्तुगालचा, पोर्तुगाल युद्धात नाही, आणि हे मात्र ब्रिटिश बोटीवर टॉर्पेडो खातायत. सिटी ऑफ बनारस सप्टेंबर १९४० मध्ये अटलांटिकमध्ये बुडाली, कॅनडाला पाठवत असलेली ७७ इंग्रज मुलं गेली, ती गोष्ट इंग्लंडमध्ये सगळ्यांना माहितीय आणि असायलाच हवी. पण त्याच बोटीवर आपल्याकडचे शंभरेक खलाशी गेले, गरम देशातली माणसं त्या थंडीत लाइफबोटीत गारठून मेली, त्यांच्याबद्दल कोण बोलतं? पगार तर गोऱ्या खलाश्याच्या कितीतरी कमी होता, १९३९ ला त्यासाठी संप केले तर तुरुंगात टाकलं.

सागरवेळ:
खूप खूप आभार सगळ्यांचे, दिल्लीच्याच नादात होते मी. साइटवर आजोबांच्या आजोबांचं नाव टाकून बघितलं तर रत्नागिरी लिहिलेल्या दोन नोंदी जुळतायत, एक फायरमन आणि एक डेकवरचा. आजोबा म्हणतात वडील घरी आले की कोळशाच्या खोलीतल्या उकाड्याबद्दल बोलायचे, म्हणजे फायरमनच असणार ना? तारीख पण दिलीय तिथे. आता गुरुजींना विचारून तिथी काढून घेते. सेलर्स होममध्ये आत जायला आधी परवानगी लागते का, आणि व्हीलचेअर जाते का, कोणी अलीकडे गेलं असेल तर प्लीज सांगा.